कंट्रोल चार्टवरचं स्वित्झर्लंड

आमच्या वयाच्या मराठी माणसांना स्वित्झर्लंड दाखवलं ते यश चोप्रांनी, असं सर्रास म्हटलं जातं. बाकीच्या घरांचं ते खरं असेल. आमच्या घरात तो देश शिरला खेकड्याच्या मागून.

खेकडा म्हणजे मध्य रेल्वेच्या घाटातलं जुनं विजेचं इंजिन. कागदोपत्री नाव डब्ल्यूसीजी-१, पण इगतपुरीत त्या नावानं त्याला कुणी ओळखत नसे. १९२८ पासून ही इंजिनं जीआयपी रेल्वेकडे येऊ लागली, कल्याणच्या पुढे दोन्ही घाटांत विजेच्या तारा पडत होत्या तेव्हा. मध्ये खोका, पुढे-मागे लांब नाकं, तिन्ही भाग सांध्यावर वळणारे आणि चाकाचाकांना जोडणारे मोठाले दांडे. उभं असलं की कण्हायचं, चालायला लागलं की दांड्यांचा सपसप आवाज. यातली पहिली काही इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यातली, बाकीची इंग्लंडात व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली. बाबा साठच्या सुमारास असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा घाटात मालगाड्यांना खेकडेच असत. त्यातल्या एकावर विंटरथुरची पितळी पाटी होती आणि ड्यूटी लागली की आधी ती फडक्यानं लख्ख करायची, मग इंजिनात चढायचं, असा बाबांचा नेम.

पुढे डब्ल्यूसीजी-२ आली, खेकड्यांना शंटिंगला जुंपलं, तरी जेवताना विषय निघायचाच. एकदा रेल्वेच्या पासावर सगळं खटलं घेऊन आम्ही उटीला गेलो, तर कुन्नूरला बाबा डोंगराकडे पाठ करून इंजिनापाशी वाकलेले. "अरे, हेही विंटरथुरचं!" निलगिरीच्या दात्यांच्या रुळावरची ती एक्स वर्गाची वाफेची इंजिनं खरंच तिथली आहेत. आम्हा पोरांना उटीचं तळं आठवतं, बोट आठवते आणि तेलाचा हात शर्टाला लागू नये म्हणून तो लांब धरून चालणारे बाबा आठवतात.

घर सगळं रेल्वेचंच. बाबा शेवटी लोको इन्स्पेक्टर झाले. धाकटे आप्पाकाका गार्ड. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, भुसावळला सेक्शन कंट्रोलर. तिन्ही घरांची मिळून आम्ही भावंडं सुट्टीत इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये जमायचो. पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचा सिग्नल दिसत नसे, पण कसाऱ्याहून गाडी वर आली की मागून ढकलणारी बँकर इंजिनं सुटल्याचा आवाज ऐकू यायचा आणि कुठली गाडी ते आम्ही न बघता सांगायचो. या पोरांपैकी एकही जण स्वित्झर्लंडला जाणार नव्हतं. जायचे होते चौघंच: आई-बाबा आणि काका-काकू. आम्ही फक्त बेत आखायला होतो. तरी आज ताई, दादा, भुसावळची दोघं आणि मी भेटलो की बोलणं त्या सहलीवर जातं, आणि न गेलेली माणसं गेलेल्यांपेक्षा जास्त ठासून बोलतात.

बेत निघाला १९९७ मध्ये, पाचव्या वेतन आयोगामुळे. थकबाकी हातात येणार म्हटल्यावर क्वार्टर्सच्या लायनीत प्रत्येक घरात काही ना काही शिजायला लागलं. कुणी नाशिकला प्लॉट घेतला, कुणी मारुती आठशे. बाबा म्हणाले, रिटायर झालो की विंटरथुर. त्यांची अठ्ठावन्न वर्षं १९९८ च्या जूनमध्ये भरत होती. आणि मे महिन्यात सरकारनं निवृत्तीचं वय साठ केलं. सगळी कॉलनी पेढे वाटत होती आणि आमच्या घरी मात्र, दोन वर्षं पगार वाढला म्हणून हसावं की सहल लांबली म्हणून रडावं, ते कुणाला ठरवता येईना. आम्हा पोरांच्या दृष्टीनं ते उत्तमच झालं. नाहीतर सहा महिन्यांत उरकला असता असा बेत सरकारी कृपेनं ऐसपैस पुरला.

आई पहिल्यापासून टूरच्या बाजूची. त्या वर्षांत रविवारच्या पुरवण्या केसरी, राजा-राणी यांच्या जाहिरातींनी भरलेल्या असत. बर्फात नऊवारीतली आजी, हातात तिरंगा, पाठीमागे बस. टूर लीडर मराठी, जेवायला वरण-भात, बॅगा उचलायची कटकट नाही. "अहो, सगळं जग त्यांच्याबरोबर जातं. आपल्यालाच काय वेगळं सोनं लागलंय?" बाबांचा आक्षेप एकाच गोष्टीला होता: टूर बसनं फिरते. रेल्वेच्या देशात जाऊन बसमध्ये बसायचं हे त्यांना देवळात जाऊन पाठ फिरवण्यासारखं वाटे. मला विचाराल तर आईचं बरोबर होतं. पन्नाशी उलटलेल्या, जर्मन तर सोडाच, इंग्रजीही जपून बोलणाऱ्या चार माणसांना टूरच सोयीची होती. पण एक तर आमच्या घरात बहुमत रेल्वेचं, आणि दुसरं, तोवर आतोबांनी चार्ट आणला होता.

कंट्रोल चार्ट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सेक्शन कंट्रोलरच्या टेबलावर लांबलचक आखीव कागद पसरलेला असतो. आडवे तास आणि मिनिटं, उभी स्टेशनं. गाडी जसजशी पुढे जाईल तसतशी कंट्रोलर पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढत जातो. रेघ आडवी झाली की गाडी उभी आहे. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग. दिवसभराचा सगळा सेक्शन एका कागदावर डोळ्यांसमोर. आतोबांनी भुसावळहून असे काही कोरे चार्ट गुंडाळून आणले, जेवणाच्या टेबलावर पसरले, चारी कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आणि भुसावळ, जळगाव, पाचोऱ्याच्या जागी लिहिलं: झुरिक, लुत्सर्न, इंटरलाकन, बर्न. आगगाडीला लाल पेन्सिल, बोटीला निळी, पायी चालायचं ते साध्या शिसपेन्सिलीनं. त्या टेबलावर पुढची दोन वर्षं आम्ही जेवलो ते चार्ट बाजूला सारून.

वेळा कुठून आणायच्या? दादानं मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून थॉमस कुकचं युरोपचं रेल्वे टाइमटेबल आणलं, लाल कव्हरचं, काही वर्षं जुनं. बाबांनी नाकावर चष्मा चढवला, बर्न-इंटरलाकनचं पान काढलं आणि थोड्या वेळानं म्हणाले, "छपाईची चूक आहे. सगळ्या गाड्या एकाच मिनिटाला सुटतायत." काकांनी दुसरं पान उघडलं. तिथेही तेच. आठ वाजून अमुक मिनिटांनी, नऊ वाजून तेवढ्याच मिनिटांनी, दहा वाजून तेवढ्याच. १९८२ पासून स्विस रेल्वेनं सगळ्या देशाचं वेळापत्रकच असं बसवलंय: दर तासाला तीच गाडी, त्याच मिनिटाला. मोठ्या जंक्शनात चारी दिशांच्या गाड्या साधारण एकाच वेळी आत येतात, माणसं फलाट बदलतात आणि सगळ्या पुन्हा बाहेर पडतात. आतोबांनी चार्टवर त्या रेघा ओढल्या तेव्हा कागदावर एकसारख्या समांतर तिरक्या रेघांची जाळी उठली. आतोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "या माणसांना कंट्रोलर लागतच नसणार." ते कौतुकानं म्हणाले की दुःखानं, यावर आमचं आजही एकमत नाही.

खरी भांडणं पाच मिनिटांवर झाली. टाइमटेबल म्हणे, गाडी बदलायला पाच-सहा मिनिटं पुरे. बाबांची उभी हयात मनमाड-इगतपुरीत गेलेली. पाच मिनिटांत गाडी मिळते हे ते मानायलाच तयार नव्हते. त्यांनी प्रत्येक बदलाला एक तास राखून ठेवला. काका म्हणाले, "दादा, तुम्ही तासभर ठेवलात तरी पुढच्या तासालाही तीच गाडी आहे. चुकली तर चुकली." बाबा म्हणाले, "गार्डाला काय, तू शेवटच्या डब्यात. गाडी चुकली तरी तुला शेवटी कळणार." ड्रायव्हर-गार्डांचं हे जुनंच वैर, पण त्या एका तासापायी सगळा चार्ट सैल पडला आणि दिवस पुरेनात. मग सुरू झाली काटछाट.

बाबांचा पहिला हट्ट गॉथर्डचा. झुरिककडून इटलीच्या दिशेनं आल्प्स ओलांडणारा तो रस्ता, १८८२ साली पुरा झालेला. पंधरा किलोमीटरचा बोगदा, तोही त्या काळात. खोदणारा कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून गेला आणि दोन्ही बाजूंचे कामगार एकमेकांना भेटले ते पुढच्या वर्षी. बाबांनी चढाचं गणित केलं. आपला कसारा घाट सदतिसास एक, गॉथर्डचाही जवळपास तेवढाच. "आपला घाट १८६५ चा. सतरा वर्षांनी थोरला." खालच्या एर्स्टफेल्डला घाट चढायच्या आधी जादा इंजिनं जोडायची, म्हणजे ते कसारा. वरचं गोशेनेन म्हणजे इगतपुरी. आणि विंटरथुरच्या कारखान्यानं त्या घाटासाठी १९१९ पासून जी इंजिनं बांधली, ती खेकड्याची सख्खी थोरली भावंडं. तिकडे त्यांना मगर म्हणतात.

गॉथर्डच्या चढावर वासेन नावाचं गाव लागतं. तिथे उंची गाठण्यासाठी रूळ डोंगराच्या पोटात गिरक्या घेतात, त्यामुळे गावातलं पांढरं चर्च गाडीतून तीनदा दिसतं: आधी वर, मग समोर, मग खाली. हे आईला काही केल्या पटेना. ताईनं आईचीच लोकर घेतली. साखरेच्या डब्यावर चटणीची डबी ठेवून तिचं चर्च केलं आणि लोकर डाळीच्या पिंपाभोवती, मग पोह्यांच्या डब्याभोवती फिरवत वर नेली. आई मान वाकडी करून तीन ठिकाणांहून त्या डबीकडे बघून आली. म्हणाली, "एकच देऊळ तीनदा बघायला मी एवढ्या लांब जाणार नाही. मला बर्फ बघायचाय."

बर्फ म्हणजे युंगफ्राउयोख. ३,४५४ मीटरवरचं, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. ती लाइन बांधायला १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं लागली. यावर बाबांनी विरोध करावा ही कमालच. पण कारण होतं. रूळ नऊ किलोमीटरचे, त्यात सातावर बोगदा. "अंधारात बसायला एवढे पैसे?" आणि पैसे खरोखर डोळे पांढरे करणारे होते. स्विस पासवर बाकीच्या गाड्या, बोटी, गावातल्या ट्रॅम सगळं फुकट, पण युंगफ्राउच्या वरच्या टप्प्याला नुसती सवलत. आई शांतपणे म्हणाली, "गॉथर्डचा पंधरा किलोमीटरचा अंधार चालतो वाटतं." त्या रात्री दोन्ही बोगदे मंजूर झाले. पहाटेच्या पहिल्या गाडीचं युंगफ्राउचं तिकीट स्वस्त असतं हे काकूनं माहितीपत्रकातून शोधून काढलं. काकू फारशी बोलायची नाही, पण बारीक अक्षरातलं सगळं तीच वाचायची.

ताई चित्रपटवाल्या पक्षाची एकमेव सभासद. दिलवाले दुल्हनिया तिनं नाशिकला किती वेळा पाहिला होता ते ती आजही सांगत नाही. आपण जाणार नाही तर निदान आई-बाबांनी त्यातल्या झ्वाइझिमेन स्टेशनवर फोटो काढून आणावा, एवढीच तिची मागणी. बाबांनी ती वाटेवर नाही म्हणून फेटाळली. मग टाइमटेबल चाळता चाळता त्यांना दिसलं की माँत्रोहून येणारी मीटर गेज झ्वाइझिमेनला संपते आणि तिथून पुढे ब्रॉड... म्हणजे त्यांच्याकडची स्टँडर्ड गेज सुरू होते. सगळ्यांनी उतरायचं, फलाट ओलांडायचा, दुसऱ्या गाडीत बसायचं. "अगं, हे तर मिरज आहे!" झ्वाइझिमेन त्याच संध्याकाळी लाल पेन्सिलीनं चार्टवर चढलं. ताईला कळेना की आपण जिंकलो की नाही.

आता मुक्काम. त्या काळी स्वित्झर्लंडच्या पर्यटन कार्यालयांना साधं पत्र लिहिलं तरी जाडजूड पाकिटात नकाशे, माहितीपत्रकं, भाड्याच्या खोल्यांची यादी घरपोच यायची. पत्र लिहायचा मान दादाचा. ‘आदरणीय महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं इंग्रजीत, रजेच्या अर्जाच्या घाटणीचं. महिन्याभरानं पोस्टमन पाकिटं घेऊन आला तेव्हा त्यानंही पायरीवर बसून हिरव्या कुरणातल्या गाई पाहून घेतल्या. काही याद्या नुसत्या जर्मनमध्ये. पण इगतपुरीत धम्मगिरी आहे. दहा दिवस मौन पाळून बाहेर पडलेले गोरे लोक स्टेशनवर गाडीची वाट बघत असतात आणि बोलायला आसुसलेले असतात. त्यातल्या एका जर्मन बाईला काकांनी चहा पाजून घरीच आणलं. तिनं खोल्यांची यादी वाचून दिली, खालच्या टिपांसकट. एका टिपेत असं होतं की काही छोट्या स्टेशनांवर गाडी मागणी असेल तरच थांबते. प्रवाशानं फलाटावरचं बटण दाबायचं. काकांनी तिला ते तीनदा विचारलं. पॅसेंजरनं बटण दाबायचं आणि गाडी थांबणार, आणि गार्डानं ते मुकाट ऐकून घ्यायचं, हे ऐकून ते खिन्न झाले.

खोली ठरली इंटरलाकनजवळ विल्डर्सविलला. स्वयंपाकघर असलेली, दोन बेडरूमची. बाबांनी ती का निवडली हे आईला कळलं ते पैसे पाठवल्यावर: खिडकीतून स्टेशन दिसतं, आणि तिथूनच शिनिगे प्लाटेची १८९३ सालची दात्यांची गाडी सुटते. "जन्मभर रुळाशेजारी झोपले," आई म्हणाली, "म्हटलं, निदान परदेशात तरी शांत झोप लागेल."

पैशाची वही काकूकडे होती. १९९८ मध्ये बेत आखला तेव्हा फ्रँक अठ्ठावीस रुपयांच्या आसपास होता. २००० मध्ये निघायच्या वेळी तो सव्वीसच्या घरात आला. डॉलर महागला होता पण फ्रँक त्याहून घसरला होता, हे गणित बाबांना कधी नीट उमगलं नाही, पण निवृत्ती लांबली त्यात सरकारनं आपलं भलंच केलं असं ते सगळ्यांना सांगत सुटले. स्वित्झर्लंड तेव्हा शेंगेनमध्ये नव्हतं, ते आलं २००८ च्या डिसेंबरात; त्यामुळे व्हिसा त्यांचा वेगळा, मुंबईच्या वकिलातीतून. आई आणि काकू मॅट्रिक नव्हत्या, म्हणून पासपोर्टवर एमिग्रेशन चेकचं लचांड निघालं. नवऱ्यांच्या इन्कम टॅक्सच्या कागदांवर ते निस्तरलं. आणि ट्रॅव्हलर्स चेक. प्रत्येक चेकवर एक सही बँकेत घेताना, दुसरी तिकडे वटवताना, आणि दोन्ही जुळायला हव्यात. आईला सही करायची सवय रेशन दुकानापुरती. ती रोज रात्री भांडी आवरली की जुन्या मेमोच्या पाठीवर आपलं नाव लिहीत बसायची. तिच्या त्या सह्यांचे कागद मी पाहिलेत. पहिल्या पानावरचं अक्षर शाळकरी मुलीचं आहे. शेवटच्या पानावर नावाच्या खाली एक झोकदार रेघ आलीय, जी तिला कुणी शिकवली नव्हती.

निघायचं ठरलं सप्टेंबरात, गणपती झाल्यावर. काकूनं पंचांग बघून सांगितलं की मग पितृपक्ष लागतो. बाबा म्हणाले, विमान पितृपक्षात पडत नाही. काकू म्हणाली, "भावजी, विमानाचं नाही म्हणत मी, मामंजींच्या तिथीचं म्हणतेय." तिथी करून निघायचं ठरलं आणि चार्टची सुरुवातच बदलली.

जाण्याआधीचे आठ दिवस घरात भाजणीचा वास होता. मेतकूट, दाण्याची चटणी, गोडा मसाला, उपम्यासाठी भाजून ठेवलेला रवा, लिंबाचं लोणचं तीन पिशव्यांत गुंडाळून, आणि काकूचा छोटा कुकर. मॅगीची पाकिटं दादानं बाहेर काढली; म्हणाला, मॅगी मुळातली त्यांच्याचकडची आहे, तिकडे मिळेल. माणशी वीस किलो सामान विमानात चालतं, तेव्हा वजन तपासायला बॅगा हमालाच्या डोक्यावरून स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेल्या. पार्सल बाबू बाबांना ओळखत होता. त्यानं चारही बॅगा काट्यावर ठेवल्या, वजनं खडूनं बॅगांवर लिहिली आणि सवयीनं विचारलं, "साहेब, बुकिंग कुठवर?" बाबा म्हणाले, "झुरिक." त्यानं बाकी काही न विचारता मान डोलावली.

आणि मग ते गेले, स्विसएअरच्या थेट विमानानं. प्रवासाबद्दल मी फार सांगणार नाही, कारण मी तिथे नव्हते आणि जे होते त्या चौघांची कहाणी चार तऱ्हांची आहे. गाड्या मिळाल्या. पाच मिनिटांत मिळाल्या. पहिल्या दोन दिवसांतच बाबांनी राखून ठेवलेले तास फुकट जायला लागले, मग त्या तासांत त्यांनी चार्टवर नसलेली स्टेशनं घातली. विंटरथुरला कारखान्याच्या इमारती स्टेशनाशेजारीच आहेत. बाबा बाहेरून बघून आले आणि त्याविषयी कधीच फारसं बोलले नाहीत. लुत्सर्नच्या वाहतूक संग्रहालयात मात्र मगर उभी आहे. काका सांगतात, बाबा तिच्या दांड्यांपाशी उभे राहून तिथल्या रखवालदाराला मराठीत समजावत होते आणि तो त्यांना जर्मनमध्ये उत्तरं देत होता, दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. आई सांगते, "मी तासभर बाकावर." वासेनचं चर्च तीनदा दिसलं, ते आईनं मोजलं. युंगफ्राउवर बर्फ पडत होता आणि समोरचं काहीही दिसलं नाही, तरी ती म्हणते, पैसे वसूल.

काकांची गोष्ट घड्याळाची. गार्ड माणूस, फलाटावर उतरला की आधी स्टेशनचं घड्याळ बघणार. स्विस घड्याळाचा लाल सेकंद काटा, टोकाला गार्डाच्या थाळीसारखी लाल गोल चकती, फिरत फिरत बारावर आला आणि थांबला. काका मनात म्हणाले, बंद पडलं, या लोकांचंही बंद पडतं तर. तेवढ्यात मिनिट काटा टुणकन पुढे गेला आणि लाल काटा पुन्हा निघाला. पुढच्या मिनिटालाही तसंच. १९५३ साली हान्स हिल्फिकर या इंजिनिअरनं बसवलेली ती युक्ती आहे: काटा साठाच्याऐवजी साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि मुख्य घड्याळाकडून इशारा येईपर्यंत उभा राहतो, म्हणजे देशभरची सगळी घड्याळं दर मिनिटाला एकत्र होतात. काकांनी ते सबंध दोन गाड्या जाईपर्यंत पाहिलं. काकू बॅगांवर बसून होती.

ताईचा फोटो आला. झ्वाइझिमेनचा फलाट, मध्यभागी मीटर गेजचा रूळ संपतो तिथलं बफर अगदी स्पष्ट, आणि कडेला अर्धी आई.

बाबा आता नाहीत. गेल्या वर्षी ताईच्या मुलीनं, आमच्या भाचीनं, स्वित्झर्लंडचा बेत केला तो फोनवर, पुण्याहून मुंबईला जाताना. आम्ही सगळे तुटून पडलो. तिची गाडी गॉथर्डच्या नव्या बोगद्यातून जाणार होती, २०१६ साली उघडलेल्या सत्तावन्न किलोमीटरच्या. म्हणजे खालून सरळ. ना एर्स्टफेल्डचा चढ, ना वासेन. जुन्या घाटातून अजून गाडी जाते, ‘ट्रेनो गोत्तार्दो’ नावाची, हे दादानं तिला दाखवून दिलं. ती म्हणाली, "मामा, त्याला तासभर जास्त लागतो." दादा म्हणाला, "लागू दे." झ्वाइझिमेनला आता उतरावंही लागत नाही, २०२२ च्या डिसेंबरपासून एक गाडी अशी धावते की तिथे चाकांमधलं अंतरच बदलतं आणि तीच पुढे जाते. हे ऐकून ऐंशी उलटलेले आप्पाकाका खुर्चीत पुढे सरकले. "बोगी बदलतात की अ‍ॅक्सल?" भाचीला माहीत नव्हतं. "मग उतर आणि बघ. पुढची गाडी तासाभरानं असेलच."

"आजोबा, तासभर मी त्या स्टेशनवर करू काय?"

"फोटो काढ," ताई म्हणाली, "आणि या वेळी माणूस पूर्ण घे."